किल्लीसह मजकूर : जुन्या संगणकांवरील विनामूल्य लिप्यंतर-आज्ञावल्या आणि वऱ्हाडी संहितेचा प्रश्न

१. प्रास्ताविक

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे स्थान मराठी गद्याच्या इतिहासात अग्रपूजेचे मानले जाते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने लीळाचरित्राचे संकलन येथेच सिद्ध केले. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ पंथाबाहेर जाऊ नयेत म्हणून सांकेतिक लिप्यांचा अवलंब केला. सकळ, सुंदरी, वज्र, अंक अशी त्यांची नावे आहेत. त्यांपैकी सकळ लिपीचे जनकत्व सह्याद्रिवर्णनकार रवळोव्यासाकडे दिले जाते. ह्या लिप्यांची रचना तत्त्वतः सोपी होती. नागरीतील प्रत्येक वर्णाच्या जागी दुसरे एक चिन्ह ठरवून द्यावयाचे, आणि हा संकेत गुरूने शिष्यास सांगावयाचा.

परिणाम असा झाला की, पोथ्या मठांतून शतकानुशतके उत्तम रीतीने जपल्या गेल्या, परंतु पंथाबाहेरील अभ्यासकास त्या असून नसल्यासारख्याच राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ह्या लिपीचा उलगडा केला. त्यानंतरच यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांच्या संशोधनाला वाट मिळाली. मजकूर टिकणे ही एक गोष्ट आहे आणि तो वाचता येणे ही दुसरी. पहिलीसाठी जतन पुरते, दुसरीसाठी मात्र किल्ली लागते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मजकूर संगणकावर येऊ लागला, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. त्या काळच्या लहान संगणकांसाठी काही व्यक्तींनी लिप्यंतराच्या आज्ञावल्या लिहिल्या, त्या विनामूल्य वाटल्या आणि वर्षानुवर्षे त्यांची देखभाल केली. ह्या उद्योगाची हकीकत मराठीत फारशी नोंदली गेलेली नाही. प्रस्तुत लेखात तिची मांडणी करून, अमरावती-अकोल्याकडील भाषेच्या अभ्यासकास तीतून काय घेता येईल, ह्याचा विचार करावयाचा आहे.

२. जुन्या यंत्रांच्या मर्यादा

ह्या आज्ञावल्यांचे स्वरूप समजण्यासाठी त्या ज्या यंत्रांवर चालत, त्यांच्या मर्यादा प्रथम ध्यानात घेतल्या पाहिजेत. १९६३ साली अमेरिकेत ठरलेली आस्की ही वर्णसंकेतपद्धती सात बिटांची होती. तीत एकंदर १२८ स्थाने होती आणि ती रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्रासाठीच्या काही खुणा ह्यांनीच भरून गेली होती. १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक आला, त्यात ही स्थाने २५६ झाली. तथापि वाढीव जागा युरोपीय अक्षरे, रेघा आणि गणिती चिन्हे ह्यांकडे गेली. देवनागरीला तीत स्थान नव्हते.

डॉस ह्या कार्यप्रणालीत सामान्य आज्ञावलीला ६४० किलोबाइटपर्यंतच स्मृती मिळे. फाइलीचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढे तीन अक्षरांची जोड, एवढ्यातच बसवावे लागे. पडद्यावर चित्रे वा खिडक्या नसत. वापरणाराने एका ओळीत आज्ञा टाइप करावी, तीतच कोणती फाइल घ्यावयाची व उत्तर कोणत्या फाइलीत ठेवावयाचे हे सांगावे, अशी रीत होती. अशा ओळीच्या आज्ञेने चालणारी उपयुक्त आज्ञावली सामान्यतः लहान असे व एकच काम करी. एका फ्लॉपीवर अशा अनेक आज्ञावल्या मावत.

ह्या परिस्थितीत देवनागरी आणण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग यंत्रात भर घालण्याचा. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र हे त्याचे प्रमुख उदाहरण होय. संगणकात एक जादा कार्ड बसवले की डॉसवरील साध्या आज्ञावल्यांतही भारतीय लिप्या दिसू लागत. ह्याच प्रयत्नांच्या परिसरात इस्की ही भारतीय वर्णसंकेतपद्धती आकारास आली. १९९१ मध्ये तिला भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. हे कार्य मोठे होते ह्यात शंका नाही. परंतु कार्ड विकत घ्यावे लागे, आणि ज्या यंत्रात ते नसेल तेथे तो मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन राही.

दुसरा मार्ग यंत्रास हात न लावण्याचा. मजकूर साध्या रोमन अक्षरांत एका निश्चित संकेताप्रमाणे टाइप करावयाचा, आणि छापण्यापूर्वी एका आज्ञावलीने त्याचे देवनागरीत रूपांतर करावयाचे. येथे यंत्र कोणतेही असले तरी चाले, कारण मूळ मजकुरात आस्कीबाहेरचे एकही चिन्ह नसे. सात बिटांपुरत्याच मार्गाने जाणारे त्या काळचे ई-पत्रही असा मजकूर अविकृत पोहोचवी. विनामूल्य आज्ञावल्यांचा इतिहास ह्या दुसऱ्या मार्गावर घडला.

३. वेल्थुइस आणि चोपडे

ह्या मार्गाचा पाया अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी १९७० नंतरच्या दशकात घातला. ‘टेक’ ही त्यांची मुद्रणजुळणीची आज्ञावली आणि ‘मेटाफाँट’ हे अक्षररेखनाचे साधन त्यांनी मुक्तपणे उपलब्ध करून दिले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे फ्रान्स वेल्थुइस यांनी मेटाफाँट वापरून देवनागरीचा टंक तयार केला. रोमन संकेतातील मजकुरावरून टेकला समजेल अशी फाइल करणारी ‘देवनाग’ नावाची लहान आज्ञावलीही त्यांनी लिहिली आणि १९९१ मध्ये ती प्रसृत केली. पुढे ह्या संचात मुंबई वळण, कलकत्ता वळण व नेपाळी वळण असे भेदही समाविष्ट झाले.

त्याच वर्षी, म्हणजे १९९१ मध्ये, अमेरिकेत अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ ह्या आज्ञावलीचा आरंभ झाला. देवनागरीसाठी तीत वेल्थुइस यांचाच टंक वापरता येई. एकाने मोफत दिलेल्या वस्तूवर दुसऱ्याने आपली मोफत वस्तू उभी करावी, ही ह्या क्षेत्राची रीत येथे स्पष्ट दिसते. आयट्रान्स मात्र एका लिपीपुरती राहिली नाही. मराठी, हिंदी व संस्कृत ह्यांबरोबर गुजराती, बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड इत्यादींसाठीही तीत सोय झाली.

तिची कार्यपद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. मजकुरात जेथे मराठी सुरू होते तेथे एक खूण द्यावयाची, जेथे संपते तेथे दुसरी. त्या दोहोंमधील रोमन अक्षरे आज्ञावली वाचते, त्यांतून वर्ण ओळखते, व्यंजन-स्वरांची अक्षरे बांधते. कोणत्या अक्षरासाठी टंकातील कोणता तुकडा घ्यावयाचा हे ती एका स्वतंत्र फाइलीत पाहते. ही फाइल साध्या मजकुराची आहे. ती उघडून कोणासही वाचता येते व दुरुस्त करता येते. भाषेचे ज्ञान, टंकाचे ज्ञान आणि यंत्राचे काम ह्या तीन गोष्टी अशा रीतीने वेगळ्या ठेवलेल्या असल्यामुळे टंक बदलला तरी मजकूर बदलावा लागत नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्याहूनही महत्त्वाचा भाग म्हणजे वर्णांचा तक्ता. देवनागरीसाठी केलेले पुष्कळसे प्रयत्न संस्कृत वा हिंदी डोळ्यांपुढे ठेवून झाले. आयट्रान्सच्या तक्त्यात मात्र मराठीची अशी खास घरे आहेत. ‘ळ’साठी मोठा ‘एल’ योजिलेला आहे. ‘ज्ञ’ लिहिण्याचे अनेक पर्याय दिले असून त्यांत मराठी उच्चाराला धरून ‘डी-एन-वाय’ असाही एक आहे. आणि जोडाक्षरातील मराठी अर्ध्या ‘र’साठी मोठा ‘आर’ राखून ठेवला आहे.

ह्या शेवटच्या वर्णाचे महत्त्व वऱ्हाडकरास निराळे सांगावयास नको. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूस आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्यास. हा भेद मराठी लेखनात अर्थभेदक आहे, आणि रफार व अर्धा ‘र’ ह्यांचे रूप वेगळे ठेवल्यावाचून तो दाखविता येत नाही. खुद्द ‘वऱ्हाड’ हे नावच ह्या वर्णावाचून शुद्ध लिहिता येत नाही. ज्या टंकांत हा तुकडा नव्हता, त्यांवर छापलेल्या मजकुरात प्रदेशाच्या नावावर रफार चढे. आयट्रान्समध्ये व्ही, ए, मोठा आर, एच, मोठा ए, मोठा डी आणि ए ही सात अक्षरे टाइप केली की ‘वऱ्हाड’ अचूक उमटावे अशी योजना आहे. मोठ्या ‘आर’ऐवजी लहान टाइप केला तर रफार येतो. एका कळीच्या अंतरावर दोन्ही रूपे आहेत, आणि निवड लिहिणाऱ्याची आहे.

तीच गोष्ट ‘ळ’ची. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे हा वऱ्हाडी बोलीचा परिचित विशेष आहे : डोळा–डोया, काळा–काया, जवळ–जवय. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडापासून (१९०५) वऱ्हाडीचा स्वतंत्र विचार होत आलेला आहे. अकोल्याच्या विठ्ठल वाघ यांसारख्या कवींनी ही बोली छापील काव्यात आणली आहे. अशा संहितेत ‘काया’ हे रूप काळा रंगही सांगते आणि शरीरही. कोणते रूप कोठे आले हे जसेच्या तसे नोंदले जाणे हे संपादनाचे पहिले पथ्य होय. तक्त्याप्रमाणे चालणारी साधी आज्ञावली येथे मध्ये पडत नाही. ती ‘डोया’चे ‘डोळा’ करीत नाही. प्रमाण रूप सुचविणारी पुढच्या काळातील साधने सोयीची असली तरी बोलीच्या संहितेस ती अनेकदा घातक ठरतात.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. हे लिप्यंतर आहे, ध्वनिलेखन नव्हे. ‘चार’ आणि ‘चाक’ ह्यांतील ‘च’चे दोन उच्चार देवनागरी वेगळे दाखवीत नाही, म्हणून हा तक्ताही दाखवीत नाही. उच्चारांच्या अभ्यासासाठी केलेली नोंद केवळ आयट्रान्समध्ये ठेवणे त्यामुळे पुरेसे होणार नाही.

४. वितरण आणि देखभाल

आज्ञावली लिहिणे हा ह्या कार्याचा एक भाग झाला. ती दूरच्या माणसापर्यंत पोहोचविणे आणि त्याच्या यंत्रावर चालती ठेवणे हा दुसरा, आणि बहुधा अधिक कष्टाचा, भाग होता.

वितरणाची साधने क्रमाक्रमाने बदलत गेली. आरंभी फ्लॉपी हे मुख्य साधन होते. सव्वापाच इंची फ्लॉपीवर ३६० किलोबाइट मावत, पुढच्या साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट. आज्ञावली, टंक, नमुने आणि माहितीपत्रक ह्यांची एक गाठोडी बांधून ती दाबून लहान करावयाची, हा प्रघात पडला. त्यासाठी वापरले जाणारे झिप हे रूप १९८९ मध्ये फिल कॅट्झ यांनी प्रचारात आणले. ज्या विद्यापीठांना जाळ्याची जोडणी होती, त्यांच्या संगणकांवर अशा गाठोड्यांची सार्वजनिक भांडारे उभी राहिली. टेकशी संबंधित साहित्याचे ‘सीटॅन’ हे भांडार १९९० नंतरच्या दशकात नावारूपास आले आणि वेल्थुइस व चोपडे ह्या दोघांच्याही कृती तेथे ठेवल्या गेल्या. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली. तोपर्यंत शिक्षणसंस्थांसाठीच्या ‘अर्नेट’ जाळ्याची जोडणी ज्यांना होती, त्यांनाच ही भांडारे थेट खुली होती. इतरांना फ्लॉपीची हातोहात नक्कल हाच मार्ग होता. विनामूल्य वितरणाचे मर्म येथे दिसते. नक्कल करणारा अपराधी ठरत नव्हता. उलट तोच वितरक होता.

देखभालीचे स्वरूप ह्याहून किचकट होते. युनिक्स वापरणाऱ्याजवळ सी भाषेतील मूळ संहितेवरून आज्ञावली बांधण्याचे साधन सहसा असे. डॉस वापरणाऱ्याजवळ ते बहुधा नसे. म्हणून त्याच्यासाठी तयार, चालती प्रत वेगळी करून द्यावी लागे. ह्या कामी डी. जे. डिलोरी यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या डीजेजीपीपी प्रकल्पासारखे प्रयत्न अनेकांना उपयोगी पडले, कारण त्यामुळे ग्नू प्रकल्पाची विनामूल्य बांधणी-साधने डॉसवर आली. टेक डॉसवर चालविण्यासाठी एबरहार्ड माटेस यांचे ‘एमटेक’ मोफत मिळे. तरीही युनिक्स व डॉस ह्यांत ओळीच्या अखेरीची खूण निराळी, फाइलनावांचे नियम निराळे, मार्ग लिहिण्याची तिरपी रेघसुद्धा उलट दिशेची. एका यंत्रावर निर्दोष चालणारी वस्तू दुसऱ्यावर अडे ती अशा बारीक कारणांनी. अशी अडचण कोणी पत्राने कळवावी, कर्त्याने फावल्या वेळात कारण शोधावे, दुरुस्ती करून नवा आवृत्तिक्रमांक द्यावा आणि गाठोडी पुन्हा भांडारात ठेवावी, हा क्रम चाले. त्याबद्दल मोबदला नव्हता व बांधिलकीचा करारही नव्हता.

मराठीत ‘मोफत’ व ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे येथे उपकारक ठरते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून त्यांना हा भेद इंग्रजीत वारंवार समजावून सांगावा लागला. मोफत वस्तूला किंमत नसते. मुक्त वस्तू उघडून पाहता येते, बदलता येते व बदललेली पुन्हा वाटता येते. भाषेच्या साधनांत दुसरा गुण अधिक मोलाचा आहे. मोफत आज्ञावली कर्ता थांबला की थांबते. मूळ संहिता व तक्ता हाती असला, तर दुसऱ्या कोणास ती पुढे नेता येते. वेल्थुइस यांच्या देवनागचे असेच झाले : पुढील दुरुस्त्या व भर इतर अभ्यासकांनी घातली.

५. स्थित्यंतर

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. तीतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. परंतु सामान्य संगणकावर ती प्रत्यक्ष वापरता येण्यास जवळजवळ दशक गेले. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांनी रेखिलेल्या ‘मंगल’ टंकासह देवनागरीची सोय आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयट्रान्सच्या ५.३ ह्या आवृत्तीने रोमन संकेतातील मजकुरावरून युनिकोड मजकूर करून देण्याची व्यवस्था केली. एका अर्थाने ह्या आज्ञावलीने आपले काम आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या हाती सोपविले.

ह्या मधल्या दशकात मराठी मुद्रणाचा फार मोठा भाग तिसऱ्याच मार्गाने गेला होता. विंडोजवर चालणाऱ्या विक्रीच्या टंकांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले. प्रत्येक टंकसंचाची मांडणी निराळी असे आणि ती सहसा जाहीर नसे. पडद्यावर मराठी दिसे, परंतु फाइलीत जे साठविले जाई ते मराठी नव्हते. त्या टंकापुरता तो एक गुप्त संकेत होता. टंक गेला की मजकूर गेला. अशा फाइली युनिकोडमध्ये आणण्यासाठी प्रत्येक टंकाची किल्ली पुढे स्वतंत्रपणे शोधावी लागली. सकळ लिपीचा इतिहास येथे पुनः घडला असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. फरक इतकाच की, महानुभावांनी किल्ली हेतुपुरस्सर राखली होती आणि श्रद्धेने ती पुढच्या पिढीस दिली होती. येथे ती देण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

ह्याउलट आयट्रान्स संकेतात टाइप केलेला मजकूर आजही वाचता येतो. संस्कृत व मराठी संहितांचा जो मोठा संग्रह स्वयंसेवकांनी ह्या संकेतात उभा केला, त्यातील ज्ञानेश्वरी, मनाचे श्लोक इत्यादी ग्रंथ पुढे थेट देवनागरीत उपलब्ध झाले. ते पुन्हा टाइप करावे लागले नाहीत. मूळ आज्ञावली कोणी न चालविता दुसरी कोणतीही आज्ञावली तो तक्ता पाहून हे रूपांतर करू शकते. किंबहुना तक्ता समोर ठेवून मनुष्यास तो मजकूर नुसत्या डोळ्यांनीही वाचता येतो. आज्ञावली मागे पडली, संकेत राहिला.

जुन्या आज्ञावल्या चालविण्याची वाटही पूर्णपणे बंद झालेली नाही. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डॉसच्या आज्ञावल्या थेट चालत नाहीत, हे खरे. परंतु एमएस-डॉसचा शेवट जवळ आल्याचे पाहून जिम हॉल ह्या अमेरिकन विद्यार्थ्याने जून १९९४ मध्ये मुक्त डॉसचा संकल्प जाहीर केला. त्यातून निघालेल्या फ्रीडॉसची १.० ही आवृत्ती २००६ मध्ये व १.३ ही २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या संगणकात जुन्या संगणकाचे सोंग वठविणारी डॉसबॉक्ससारखी साधनेही विनामूल्य मिळतात. ज्या विभागाच्या कपाटात जुन्या फ्लॉपी पडून असतील, त्याने त्या निकामी समजून टाकून देण्यापूर्वी ह्याचा विचार करावा.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, संगणकीय मजकुराचे आयुष्य यंत्राच्या सामर्थ्यावर वा आज्ञावलीच्या सफाईवर अवलंबून नसून तिचा संकेत उघड आहे की नाही ह्यावर अवलंबून असते. दुसरा असा की, हा उघडपणा आपोआप टिकत नाही. त्यामागे माहितीपत्रक लिहिणारा, दुरुस्तीच्या पत्रास उत्तर देणारा, जुन्या यंत्रासाठी वेगळी प्रत बांधणारा कोणीतरी असावा लागतो. त्याच्या श्रमाची नोंद ग्रंथसंपादकाच्या श्रमासारखीच झाली पाहिजे.

वऱ्हाडपुरते पाहिले तर हे प्रश्न दूरचे नाहीत. अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ ची. म्हणजे त्याचा आरंभकाळ आणि लहान संगणकाचा प्रसारकाळ हे जवळजवळ एकच. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. महानुभाव पोथ्यांची लिप्यंतरे आणि अकोला-अमरावतीकडील बोलीचे नमुने ह्यांचा संगणकीय संग्रह वाढत जाणार हे उघड आहे. अशा प्रत्येक संग्रहाबरोबर चार गोष्टी ठेवल्या जाव्यात : मजकुराची एक प्रत साध्या युनिकोड फाइलीत, लिप्यंतराचा तक्ता, त्यात ‘ऱ’ व ‘ळ’ ह्यांविषयीचे निर्णय स्पष्ट नमूद केलेले, वापरलेल्या आज्ञावलीचे नाव, आवृत्ती व शक्य तेथे मूळ संहिता, आणि हे सर्व कोणी व केव्हा केले ह्याची टीप. पोथीच्या शेवटी लेखकाचे नाव व शक घालण्याची आपली जुनी चाल आहे. तिचाच हा विस्तार होय.

सकळ लिपीची किल्ली मिळण्यास शतके लागली, तोवर पोथ्या मठांतून थांबल्या होत्या. चुंबकीय फितीला वा तबकडीला तेवढा धीर नाही. म्हणून किल्ली पुढे कोणी शोधील ह्या भरवशावर न राहता ती मजकुराबरोबरच ठेवणे हे आजच्या संपादकाचे कर्तव्य ठरते.